फादरला सांगितले की सुटले?

ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ आला की 'ख्रिस्ती लोकांचे बरे, फादरला पाप सांगितले की सुटले' अशी टिंगल कानी येते. कॅथलिकांचा प्रायश्चित्त संस्कार, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली देण्याचा विधी, इतका स्वस्त नाही. आधी स्वतःची झडती, मग पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय आणि त्यानंतर कबुली. गंभीर पाप कोणते व किती वेळा, हे सांगावे लागते; 'चुका झाल्या' असे मोघम भागत नाही. शेजाऱ्यांची गाऱ्हाणी तर नकोतच, तरी तीच जास्त होतात! निश्चयच नसेल तर धर्मगुरूंनी उच्चारलेली पापमुक्तीही फोल ठरते. चोरलेले परत करायचे, कुणाची बदनामी केली असेल तर ती शक्य तितकी भरून काढायची. हा भाग सर्वांत जड, म्हणून सर्वांत टाळला जाणारा.

पण दयेला मोजमाप नाही, हेही खरे. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायातला उधळ्या मुलगा बापाचे धन उडवून 'मला चाकर म्हणून ठेवा' हे वाक्य घोकून घरी येतो. बाप ते पुरे होण्याआधीच झगा आणि अंगठी मागवतो.

एक व्यवहाराची गोष्ट: ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात रांगा लांबतात, कबुली घाईत उरकली जाते. पोप फ्रान्सिस यांनी 2014 मध्ये सुरू केलेला 'प्रभूसाठी 24 तास' हा कबुली व प्रार्थनेचा उपक्रम उपवासकाळाच्या चौथ्या रविवारच्या आधीच्या शुक्रवार-शनिवारी असतो. तेव्हाच जावे.

– एक वाचक, वसई