माळावरच्या कोप्यांसाठी धान्य द्या, आणि थोडा वेळही द्या

गावकरी मंडळींनो, सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली की बीड, पाथर्डी, जालन्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतील आणि ओढ्यापलीकडच्या माळावर त्यांच्या कोप्या, म्हणजे राहायच्या झोपड्या, पडतील. आपल्या कृष्णाकाठचा ऊस ज्यांच्या कोयत्यावर कारखान्याला जातो, त्यांच्या चुलीवर पहिल्या पंधरवड्यात काय शिजते, ते गेल्या हंगामात आम्ही जवळून पाहिले. म्हणून यंदा आधीच तुमच्या दारी येत आहोत.

गेल्या वर्षी टोळ्या उतरल्या आणि अवकाळी पाऊस लागला. फडात चिखल, गाड्या आत जाईनात, तोड बंद. तोड बंद म्हणजे वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, तेही बंद. मजुरी आधीच घेतलेल्या उचलीत वळती होते, टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून मिळणारी खर्ची पुरत नाही. रोजचे तेल-मीठ निघते ते वाढ्याच्या पेंड्या विकून. आपल्यापैकी पुष्कळ जण त्या पेंड्या जनावरांसाठी विकत घेतो, पण त्या पैशावर एका घरचा स्वयंपाक अवलंबून असतो हे आमच्याही लक्षात आले नव्हते. बचत गटातल्या बायका कोप्यांवर गेल्या, तेव्हा एका घरात तीन लेकरांसमोर पातळ आंबील होती. त्यांची आई म्हणाली, "घरून आणलेलं पीठ पुरवून पुरवून खातोय, ताई."

त्याच दिवसांत त्या कुटुंबाच्या नावाचे धान्य सरकारी गोदामात होते. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो, अंत्योदय कार्डाला 35 किलो धान्य मिळते आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. कार्ड बीडचे असले तरी धान्य आपल्या गावच्या रेशन दुकानात घेता येते. कार्ड घरी राहिले तर कार्डाचा किंवा आधारचा नंबर पुरतो. मग अडते कुठे? दुकान उघडे असते तेव्हा माणसे फडात असतात. कोयता धरून झिजलेला अंगठा मशीनवर उमटत नाही. कार्डावरच्या दुसऱ्या कुणाचा अंगठा चालतो, हे सांगायला कुणी नसते. आणि गावाकडे राहिलेल्या म्हातारीने सगळ्यांचे धान्य आधीच उचलले असेल, तर इथे काहीच उरत नाही. खरे तर तिने आपल्या वाट्याचे तिकडे आणि यांनी आपले इकडे घ्यावे, अशी सोय आहे. त्यासाठी महिना लागताच घरी फोन करून ठरवावे लागते, एवढेच.

म्हणून आम्ही दोन गोष्टी मागतो आहोत, आणि दुसरी आम्हाला जास्त मोलाची वाटते.

पहिली म्हणजे शिधा. रेशन सुरू होईपर्यंतचे पंधरा दिवस निघावेत एवढा, प्रत्येक कोपीला: ज्वारी किंवा बाजरी, तूरडाळ, गोडेतेल, शेंगदाणे, गूळ, मीठ, चटणी. ही माणसे भाकरी खाणारी आहेत, तेव्हा गव्हापेक्षा ज्वारी-बाजरी द्यावी. धान्य आपण घरी जे खातो तेच असावे. किडके, पोरकिडे पडलेले धान्य कृपया आणू नका. गिरणीवाल्यांना विनंती की पहिले पंधरा दिवस या लोकांचे दळण बिनपैशाने करून द्यावे.

दुसरी म्हणजे वेळ. कोप्या पडल्या की दोन दिवसांत प्रत्येक घरी जाऊन कार्डाचा नंबर, माणसे, गावाकडे कोण राहिले, याची नोंद घ्यायची आहे. मग त्यांच्यासोबत दुकानात जायचे, अंगठा जुळला नाही तर तिथे उभे राहायचे, गरज पडली तर 1967 या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवायची. दुकानात जादा धान्य यावे म्हणून तहसीलच्या पुरवठा शाखेत आम्ही आधीच अर्ज देणार आहोत. दुकान आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी उघडे ठेवावे, अशी दुकानदारांना विनंती केली आहे. कॉलेजची मुले-मुली यासाठी सर्वांत उपयोगी पडतील. निवृत्त शिक्षकांनी आणि तलाठी कार्यालयात काम केलेल्यांनी जरूर यावे, कागदपत्रे तुमच्या ओळखीची असतात.

सहा वर्षांखालील लेकरांचा आणि गरोदर बायांचा आहार अंगणवाडीतून मिळायचा असतो, आणि तो गाव बदलले म्हणून तुटत नाही. पण माळापासून अंगणवाडी दूर आहे आणि आई-बाप पहाटेच निघालेले असतात. सकाळी मुलांना नेऊन दुपारी परत आणायला आळीपाळीने दोन माणसे लागतील. गेल्या वर्षी हे आम्हाला जमले नाही. यंदा ते झालेच पाहिजे.

रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी खाऊन बहात्तरचा दुष्काळ काढलेली माणसे अजून आपल्या गावात आहेत. त्यांनी कोप्यांवर आमच्याबरोबर यावे, असे फार वाटते.

धान्य दिवाळी पाडव्यापासून रोज संध्याकाळी सहा ते आठ मारुतीच्या देवळाच्या ओवरीत घेतले जाईल. रोख रक्कम द्यायची असेल तर ओवरीतच द्या आणि पावती मागून घ्या; घरोघरी पैसे गोळा करायला आम्ही कुणालाही पाठवलेले नाही. आलेल्या आणि वाटलेल्या शिध्याचा हिशोब दर रविवारी वाचनालयाच्या फलकावर लागेल. नोंदणीसाठी वेळ देणाऱ्यांनी आपले नाव वाचनालयात लिहून जावे.

आपले,
महिला बचत गट, वाचनालय आणि तरुण मंडळाचे कार्यकर्ते