खाटा बारा, परवाना दुकानाचा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सासूबाई अंथरुणाला खिळल्यावर आम्ही त्यांना शहराबाहेरच्या एका शुश्रूषा केंद्रात ठेवलं होतं. दोन महिन्यांत पाठीला बेडसोअर, म्हणजे एकाच स्थितीत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, झाले. तेही गाऊन बदलताना माझ्याच नजरेला पडले म्हणून कळले. रात्री बारा खाटांना मिळून एक मावशी, नर्स नाहीच. ‘नोंदणीचं प्रमाणपत्र कुठंय?’ विचारलं, तर मालकांनी शॉप अ‍ॅक्टचं लायसन्स पुढे केलं. आमच्या वाण्याकडेही तेच आहे!

संबंधित कार्यालयात तक्रार नेली. ‘बाई, हा वृद्धाश्रम आहे, हॉस्पिटल नाही. आमच्याकडे येत नाही,’ असं उत्तर मिळालं. मग मी १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा काढून वाचला. आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन जिथे उपचार आणि शुश्रूषा होते ती जागा म्हणजे शुश्रूषागृह, अशी त्यात व्याख्या आहे. नाकात नळी, लघवीला कॅथेटर आणि कूस बदलायला दुसऱ्याचा हात, हे दुर्बलतेत बसत नसेल तर काय बसतं?

चालवणारी व्यक्तीच त्या कामाला योग्य नसेल, जागा, कर्मचारी किंवा साधनं पुरेशी नसतील, तर नोंदणी नाकारता येते. त्याच कारणांवरून दिलेली नोंदणी नोटीस देऊन, म्हणणं ऐकून रद्दही करता येते. पण मुळात ज्याने नोंदणीच केली नाही, त्याची रद्द काय करणार? नियम पाळणारं छोटं प्रसूतिगृह तपासणीला सामोरं जातं आणि हे मोकळे.

अमेरिकेत १९६७ च्या कायदेदुरुस्तीनंतर नर्सिंग होमच्या व्यवस्थापकाला स्वतःच्या नावाचा परवाना लागतो. हेळसांड झाली तर तो परवाना जाऊ शकतो. आपल्याकडे एक पाटी उतरवून मेहुण्याच्या नावाने दुसरी लावली की झालं.

महापालिकांचे आरोग्य अधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांनी निदान आपल्या हद्दीतली अशी केंद्रं मोजावीत. याच कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांनी शुश्रूषागृहांना दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं आहे, ते इथेही लागू करावं.

सासूबाई आता घरी आहेत. त्यांची खाट चौथ्या दिवशी भरली, असं मावशींकडून कळलं.

— एक वाचक