बाकीचे हसले, तो हसला नाही

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

"लोकांना साधा विनोदही कळत नाही," असं काल फोनवर तणतणलीस. तू ऑफिसच्या ग्रुपवर त्या सहकाऱ्याबद्दल टाकलेलं वाक्य वाचलं. मला हसू आलं. पण मी तुझा बाप आहे, वाचताना मला तुझा आवाज ऐकू येतो. ज्याच्याशी तुझं दर मीटिंगला वाजतं, त्याला नुसती अक्षरं दिसली, आणि त्या अक्षरांत टोमणा होता.

ही अडचण जुनीच आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरच्या चर्चेत लोक थट्टा खरी मानायला लागले, तेव्हा सप्टेंबर १९८२ मध्ये स्कॉट फाहलमन यांनी अपूर्णविराम, रेघ आणि कंस जोडून हसरा चेहरा सुचवला. त्याने फार फरक पडला असं मला वाटत नाही. २००५ साली जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ईमेलमधलं आपलं वाक्य उपरोधाचं की गंभीर, हे ७८ टक्के वेळा ओळखलं जाईल, असं लिहिणाऱ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात ते ५६ टक्के वेळा ओळखलं गेलं. छापा-काटा केला असता तरी पन्नासच्या आसपास गेलेच असते!

बाकीचे हसले म्हणतेस. अगं, तू त्यांची टीम लीड आहेस, ते हसणारच. शिवाय माणसं विनोदाला हसतात हेही तितकंसं खरं नाही. रॉबर्ट प्रोव्हाइन या मानसशास्त्रज्ञाने लोकांच्या गप्पा ऐकून नोंदी केल्या, तर बहुतेक हसू 'चला, भेटू मग' असल्या साध्या वाक्यांनंतरचं निघालं. म्हणजे एकत्र असल्याचं हसू. तुम्हा दोघांत ते अजून कुठे आहे?

नायजर देशात काही समाज पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची यथेच्छ टिंगल करतात, आणि ऐकणाऱ्याने रागवायचं नाही, हा नियम. २०१४ मध्ये युनेस्कोने ही प्रथा अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. पण तिथे दोन्ही बाजूंना नियम आधीपासून ठाऊक असतो आणि टोला दोन्हीकडून मारता येतो. तुझा सहकारी उलट टोला मारू शकला असता का? तुझ्या हाताखाली असताना?

माझ्या ऑफिसात समोरच्या टेबलावर बसणारा गृहस्थ तुला आठवत असेल. निवडणूक आली की आम्ही दोघं दोन टोकांना. सकाळी आला की आधी स्वतःच्याच पक्षाची टोपी उडवायचा. "काल आमच्या साहेबांचं भाषण लागलं होतं. टीव्हीचा आवाज बंद करून पाहिलं, बरं वाटलं." त्यानंतर मला माझ्या साहेबांची वकिली करायचा हुरूपच राहायचा नाही. मीही माझ्याच साहेबांचं एखादं लफडं काढायचो, आणि मग कुठे खऱ्या मुद्द्यावर बोलणं सुरू व्हायचं. मत दोघांनीही कधी बदललं नाही, बदलेल अशी अपेक्षाही नव्हती. पण त्याच्या मुलाची नोकरी गेली त्या वर्षी बेकारीवर आमच्यात चकार शब्द निघाला नाही. ते कुणी ठरवलं नव्हतं.

तू मात्र सुरुवातच तुझ्या सहकाऱ्याच्या दुखऱ्या जागेपासून केलीस, आणि तीही चारचौघांत.

आता "अरे, गंमत केली" असा मेसेज टाकू नकोस. त्याचा अर्थ 'चूक तुझी, तुला कळलं नाही' असाच होतो. समोर जा, एकटा असेल तेव्हा. "लागलं ना? तिथे लिहायला नको होतं," एवढं बोल आणि थांब. तो लगेच विरघळेल असं नाही. कदाचित "ठीक आहे" म्हणून स्क्रीनकडे वळेल. वळू दे.

पुढेमागे त्याने तुझी खेचली, तर ती खपवून घे. आणि चांगली खेचली असेल तर जशीच्या तशी मला कळव. मलाही तुझ्यावर वापरता येईल.

तुझा,
बाबा