गाढ झोपेसाठी आवाज, पण लाट बघून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डोक्याला पट्टा बांधून मेंदूच्या लहरी मोजायच्या आणि आवाज ऐकवून झोप गाढ करायची, अशा उपकरणांच्या जाहिराती आता मोबाईलवरून आमच्या वेंगुर्ल्यापर्यंत पोचल्या आहेत. त्यांच्या जोडीला ‘डेल्टा लहरींचे संगीत’ (डेल्टा म्हणजे गाढ झोपेतील मेंदूच्या संथ लहरी) या नावाने रात्रभर वाजणाऱ्या ध्वनिफितीही आहेत. दोन्ही गोष्टी एकच, असे समजून माझ्या परिचयातील काही ज्येष्ठ मंडळी उशाशी मोबाईल लावून झोपतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माणसाच्या मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये प्रथम घेतला. गाढ झोपेत या लहरी संथ आणि उंच होतात. त्यांतील सर्वांत संथ लाटेला साधारण एक सेकंद किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. २०१३ मध्ये जर्मन संशोधकांनी ११ जणांवर केलेल्या प्रयोगात ही लाट खाली गेल्याचे यंत्राने ओळखले आणि ती पुन्हा वर चढण्याच्या क्षणी सेकंदाचा विसावा भाग टिकणारा मृदू आवाज कानात सोडला, तेव्हा लाटा जोमदार झाल्या आणि रात्री पाठ केलेल्या शब्दांच्या जोड्या सकाळी अधिक आठवल्या. तोच आवाज लाटेशी मेळ न घालता दिला, तेव्हा असा परिणाम दिसला नाही.

किनाऱ्यावर होडी पाण्यात लोटताना पाहिलेल्या कोणालाही हे सहज पटेल. लाट होडीखाली आली की सगळे एकदम जोर लावतात. लाट ओसरताना तोच जोर लावला तर होडी वाळूत रुतून बसते. रात्रभर वाजणाऱ्या ध्वनिफितीला ऐकणाऱ्याच्या मेंदूतील लाट दिसतच नाही, मग ती वेळ कशी साधणार? समुद्राची गाज ऐकत आपल्याला डोळा लागतो हे खरे, परंतु मन शांत होणे वेगळे आणि गाढ झोपेच्या लाटा वाढणे वेगळे.

वाढत्या वयात ही गाढ झोप कमी होते, त्यामुळे या संशोधनाबद्दल मला मनापासून आशा वाटते. २०१७ मध्ये अमेरिकेत ६० ते ८४ वयाच्या १३ जणांवर झालेल्या अभ्यासातही चांगला परिणाम आढळला होता. मात्र पुढच्या काही प्रयोगांत लाटा वाढूनही स्मरणात फरक पडला नाही. एवढ्या थोड्या माणसांवरील प्रयोगांच्या आधारे हजारो रुपयांचे उपकरण औषध म्हणून विकणे मला योग्य वाटत नाही.

याहून गंभीर गोष्ट आमच्या घरात घडली. माझे पती दिवसा जेवतानाही पेंगू लागले, तरी आम्ही दोन वर्षे रात्री पावसाच्या आवाजाची फीत लावत राहिलो. स्थानिक डॉक्टरांना दाखवले असता ‘वयोमानाने होते’ एवढेच उत्तर मिळाले. त्यांच्या घोरण्याविषयी कोणी विचारले नाही आणि मलाही ते सांगावेसे वाटले नाही. शेवटी कोल्हापूरला एक रात्र राहून तपासणी केली. टाळूवर केस बाजूला सारून चिकट मलमाने तारा लावल्या, छातीला पट्टा बांधला, बोटाला चिमटा लावला. सकाळी तंत्रज्ञाने आलेख दाखवला, तेव्हा श्वासाची रेघ मधेच सपाट होत होती आणि नेमकी त्यानंतर मेंदूच्या लहरींत जाग उमटत होती. घोरण्यामागे श्वास अडण्याचा विकार होता. आता नाकावर मास्क लावून हवेचा दाब देणारे यंत्र ते वापरतात आणि दुपारी वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचतात. तो विकार पावसाच्या आवाजाने बरा होणारा नव्हता.

आरोग्य विभागाला माझी विनंती आहे की, प्राथमिक आरोग्य केंद्रांत झोपेची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला घोरणे, श्वास अडणे आणि दिवसाची पेंग यांविषयी विचारले जावे, आणि झोपेची रात्रभराची तपासणी सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयांत अल्प दरात व्हावी. पावसाळ्यात घाट ओलांडून, रुग्णाला पेंगत बसवून नेण्याचा तो प्रवास आम्ही केला आहे. तो इतरांना करावा लागू नये.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, वेंगुर्ले