कळव्याच्या टर्नर काकांना, फियाटच्या बुशबद्दल

आदरणीय काका,
सविनय नमस्कार.

तुम्ही आमच्या फियाटच्या डिस्ट्रिब्यूटरचे (प्रत्येक सिलिंडरला ठिणगी पोचवणाऱ्या भागाचे) बुश, म्हणजे फिरत्या शाफ्टला धरून ठेवणाऱ्या ब्राँझच्या नळ्या, नवे करून दिलेत. पैसे घेतले नाहीत, आणि आभार मानायला लागलं की विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांदेखत. कळव्यातल्या एका घराच्या मागच्या खोलीत किती तोलामोलाचं काम होतं, हे जुन्या गाड्या जपणाऱ्या बाकीच्यांनाही कळायला हवं.

आमची फियाट 1100 डी बाबांनी 1968 साली घेतली, कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात तयार झालेली. पन्नास वर्षं उलटल्यामुळे 2021 च्या नियमांप्रमाणे आता ती व्हिंटेजमध्ये धरता येते. नियम काहीही म्हणोत, गाडी मूळ रूपातच राहावी हा बाबांचा हट्ट होता आणि तो मला मनापासून पटतो. म्हणून आयडलिंगला गाडी थरथरायला लागली, चढाला मिसिंग करायला, म्हणजे ठिणगी चुकून अडखळायला लागली, तेव्हा मी फार अस्वस्थ झालो. कार्बोरेटर साफ झाला, ठिणगी पाडणारे पॉइंट-कंडेन्सर नवे झाले, फरक शून्य. ज्याला विचारावं तो म्हणे, ‘इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून मोकळे व्हा.’ कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने डिस्ट्रिब्यूटर मिळाले, पण त्यांचेही शाफ्ट, म्हणजे आतले फिरणारे दांडे, आमच्यासारखेच डुगडुगत होते. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी, म्हणजे याच फियाटचा पुढचा अवतार, मुंबईच्या रस्त्यावरून गेली. या गाड्यांचा माल ठेवण्यात दुकानदाराला आता काय राम उरलाय!

तुम्ही डिस्ट्रिब्यूटरचं टोपण काढलंत, शाफ्ट दोन बोटांनी आडवा ढकललात आणि डायल गेज लावला. 0.15 मिमी प्ले, म्हणजे ढिलाई. मग मला स्टुलावर बसवून समजावलंत. चार सिलिंडरचं इंजिन 3000 आरपीएमवर सेकंदाला 100 ठिणग्या मागतं. शाफ्टच हलत असेल तर पॉइंटचा गॅप प्रत्येक ठिणगीला वेगळा पडतो, म्हणजे प्रत्येक सिलिंडर भलत्याच वेळेला पेटतो. त्यात डिस्ट्रिब्यूटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून तिथली एका अंशाची चूक क्रँकवर दोन अंशांची होते. ‘टायमिंग’ हा शब्द मी लहानपणापासून गॅरेजमध्ये ऐकत आलो होतो. तो नेमका कशाचा खेळ आहे, हे त्या स्टुलावर कळलं.

पुढचं काम तर डोळ्यांसमोरून हलत नाही. शाफ्ट तुम्ही मधे, वर, खाली असा सगळीकडे मायक्रोमीटरने मापलात, कारण जिथे बुश असतो तिथे तो थोडा खाल्ला गेला होता. नव्या बुशचं छिद्र पुस्तकातल्या मापाचं नको, याच शाफ्टच्या अंगाचं हवं, असं म्हणालात. फॉस्फर ब्राँझचा रॉड लेथच्या चकात धरलात. शेवटचे कट इतके बारीक होते की टूलखालून तांबूस कीस नुसता भुरभुरत होता. प्रत्येक कटानंतर लेथ बंद, जॉब पुसायचा, गार होऊ द्यायचा, मगच माप. गरम जॉबचं माप खोटं बोलतं, हे तुमचं वाक्य मी लिहून ठेवलंय.

बुश हातोडीने ठोकून बसवणारे पुष्कळ पाहिलेत. तुम्ही मात्र बुश काकूंच्या फ्रीजरमध्ये ठेवलेत आणि ॲल्युमिनियमची बॉडी ओव्हनमध्ये. ॲल्युमिनियमचं 16 मिमीचं भोक 80 अंशांनी तापवलं की जवळजवळ 0.03 मिमीने मोठं होतं, आणि तेवढं आपल्याला पुरतं. मग लांब बोल्ट, वॉशर आणि नट घेऊन बुश हळूहळू आत ओढून घेतलेत. गार झाल्यावर बॉडी बुशला आवळते आणि छिद्र लहान होतं, म्हणून शेवटचं माप नंतर काढायला तुम्ही आधीच थोडा माल राखला होता. वरचा आणि खालचा, दोन्ही बुश एकाच रीमरने (छिद्र मापात आणणाऱ्या हत्याराने) एका ओळीत साफ केलेत. शाफ्ट तेल लावून सोडला तर आपल्या वजनाने सावकाश खाली उतरला. डुगडुग अजिबात नाही.

वागळे इस्टेटमध्ये उभा जन्म लेथवर काढलेला माणूस निवृत्तीनंतर परक्याच्या गाडीसाठी एवढा जीव लावतो. हे माझ्यासाठी फार मोठं आहे, काका. बाबा असते तर स्वतः येऊन तुमचे हात हातात घेतले असते.

गाडी आता येऊरचा चढ एकदाही मिसिंग न करता चढते. टायमिंग लाइटखाली (ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली) पुलीची खूण जागच्या जागी उभी राहते. तुम्ही वहीच्या पानावर काढून दिलेलं ड्रॉइंग, मापं आणि टॉलरन्ससकट (मापात किती फरक चालेल त्यासकट), मी नीट उतरवून घेतलंय. ज्यांच्याकडे हीच गाडी आहे त्यांना ते देणार आहे, तुमची परवानगी गृहीत धरून. छिद्राचं माप मात्र ज्याने त्याने आपल्या शाफ्टवरून घ्यावं, हेही त्यावर ठळक लिहिलंय.

सर्व्हिसिंगला शाफ्टला तेलाचे दोन थेंब, ही तुमची सूचना बॉनेटच्या आत चिकटवली आहे. रविवारी सकाळी गाडी घेऊन येतो. काकूंनाही तयार राहायला सांगा, येऊरला जाऊन येऊ. पुढच्या सीटवर तुम्हीच बसायचं.

आपला नम्र,
पाचपाखाडीचा फियाटवाला