बसऱ्याचे शिपाई आणि बर्लिनची बँक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

युद्धाचं मूळ माणसाच्या स्वभावात आहे, असं सांगणारा आपला रविवारचा अग्रलेख वाचला. सत्तेची हाव, दुखावलेला अभिमान, सूड अशी कारणं त्यात आली आहेत. माझी ३४ वर्षं बँकेत गेली. प्रकरण कुठलंही असो, आधी कागद मागायचे आणि माणसाचा स्वभाव मग बघायचा, ही खोड आता सुटणार नाही. म्हणून एका जुन्या प्रकरणाचे कागद पुढं ठेवतो.

आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत एक दगडी पाटी आहे. १९१४ ते १९१९च्या महायुद्धात गावातून किती माणसं गेली आणि त्यातली किती मेली, एवढंच तिच्यावर कोरलंय. नावं नाहीत. जत्रेआधी दरवर्षी चावडीला चुना लागतो, त्यात पाटीची खालची ओळ बुजत आली आहे. गेलेल्यांचा आकडा दिसतो, मेलेल्यांचा बोटानं चाचपावा लागतो. लहानपणी म्हातारी माणसं म्हणायची, ‘बसऱ्याला गेली ती.’ बसरा कुठं, म्हणून विचारलं की मावळतीकडं हात करायची.

आजच्या इराकमधल्या बसऱ्याला कशाला गेली? फ्रान्सच्या सरहद्दीवर लढाई जुंपलेली असताना हिंदी फौजेच्या पूना डिव्हिजनची पहिली तुकडी ऑक्टोबर १९१४मध्ये मुंबईहून जहाजानं इराणच्या आखातात निघाली. तीत ११७वी मराठा पलटण होती. ६ नोव्हेंबरला हे सैन्य आखाताच्या टोकावरच्या फाव बंदरावर उतरलं आणि २२ नोव्हेंबरला बसरा पडलं. जवळच इराणमधल्या आबादानला अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीची रिफायनरी होती. आता तारखा पाहा. ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलावर चाललं होतं. म्हणून चर्चिल यांनी या कंपनीचे ५१ टक्के शेअर सरकारच्या नावे घेण्याचा ठराव जून १९१४मध्ये पार्लमेंटात संमत करून घेतला. रक्कम सुमारे २२ लाख पौंड. त्या कायद्यावर राजाची मोहोर उमटली १० ऑगस्टला, म्हणजे युद्ध पुकारल्यानंतर सहाव्या दिवशी. आखातातल्या शेखांवर वचक ठेवणं, तुर्कांना धाक घालणं हेही हेतू होतेच. पण शेअर सर्टिफिकेट खिशात ठेवून सैन्य पाठवणाऱ्याच्या बाकीच्या हेतूंवर मी फार वेळ घालवत नाही.

पलीकडच्या बाजूला बर्लिनची डॉइश बँक. तुर्कस्तानातून बगदादकडं निघालेल्या बगदाद रेल्वेला पैसा तिचा. तुर्कांच्या ताब्यातल्या मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, तेलासाठी जी तुर्किश पेट्रोलियम कंपनी निघाली, तीतही मार्च १९१४च्या करारानं चौथा हिस्सा तिचा. उरलेल्यात मोठा वाटा इंग्रजी कंपनीचा. म्हणजे मार्चमध्ये एका टेबलावर बसून भागीदारी लिहिणारे ऑगस्टमध्ये एकमेकांचे शत्रू झाले. युद्ध संपल्यावर एप्रिल १९२०मध्ये इटलीत सान रेमोला विजेत्या देशांची बैठक झाली आणि जर्मन बँकेचा तो २५ टक्के हिस्सा फ्रान्सच्या नावे करण्याचं ठरलं. आमच्या भाषेत याला शेअर ट्रान्सफर म्हणतात. फॉर्मवर सही कुणी केली, ते चावडीच्या पाटीवर चाचपून बघावं.

मधला हिशेब राहिला. पूना डिव्हिजन बगदादच्या रोखानं वर सरकली, हटली आणि डिसेंबर १९१५मध्ये कुट गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकली. आत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. अन्न संपत आलं तशी घोडी कापली गेली. अनेक हिंदी शिपायांनी ते मांस बरेच दिवस तोंडात घातलं नाही आणि ते आजारी पडत गेले. २९ एप्रिल १९१६ला सुमारे १३ हजारांनी शरणागती पत्करली. कैद्यांना वाळवंटातून चालवत उत्तरेला नेलं. वाटेत माणसं गळत गेली. उरलेल्या हिंदी कैद्यांपैकी अनेकांना रास अल-ऐनला कामाला जुंपलं. काम कुठलं, तर बगदाद रेल्वेचं. इंग्रजी कंपनीच्या तेलासाठी नेलेल्या माणसांकडून जर्मन बँकेची रेल्वे बांधून घेतली गेली. यात मानवी स्वभाव नेमका कुणाचा शोधायचा?

त्याच १९१६मध्ये लेनिन झुरिचमध्ये बसून याचंच विवेचन लिहीत होता. मार्क्सवाद्यांचं म्हणणं थोडक्यात असं. भांडवल साठत जातं, कारखाने आणि बँका एक होतात, घरच्या बाजारात नफा आटतो आणि पैसा बाहेर जागा शोधतो. पण जगाची वाटणी आधीच होऊन गेलेली. मागून येऊन मोठा झालेला जर्मनी पोलादात ब्रिटनच्या पुढं गेला, वसाहती मात्र ब्रिटनच्या. मग फेरवाटणी कशी होणार? कोर्टात नाही होत.

यावर शहाणी माणसं सांगतात की जुलै १९१४मध्ये लंडनच्या सावकारांनाच युद्ध नको होतं, रॉथ्सचाइल्डनी ते टाळायची धडपड केली. खरं आहे. पण कर्ज बुडावं असं कुठल्या ब्रँच मॅनेजरला वाटतं? तरी मार्चअखेर आली की समोरची बँक देते म्हणून आपणही डोळे मिटून कर्जं देतो आणि दोन वर्षांनी सगळे मिळून एनपीए, म्हणजे थकलेली कर्जं, मोजतो. वाईट माणसं शोधत बसायची गरज पडत नाही, टार्गेट पुरतं. अग्रलेखाला नेमकं हेच दिसत नाही.

आता माझ्या, म्हणजे मार्क्सवादी, बाजूचा खळगा. मुंबईच्या सुमारे ९० हजार गिरणी कामगारांनी २ ऑक्टोबर १९३९ला साम्राज्यवादी युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. अभिमान वाटावा असा दिवस. मग जून १९४१मध्ये हिटलर रशियात घुसला आणि त्याच युद्धाला कम्युनिस्ट पक्ष ‘लोकयुद्ध’ म्हणू लागला. त्या नावाचं साप्ताहिकही निघालं. हिटलरशी लढायलाच हवं होतं, पण बेचाळीसला लोक तुरुंगात जात असताना पक्ष बाजूला राहिला, याचं उत्तर मला अजून कुणी नीट दिलेलं नाही. १९७९मध्ये तर लाल बावट्याचा चीन लाल बावट्याच्याच व्हिएतनामवर चालून गेला. भांडवलशाही गेली की युद्ध संपेल, हे मी म्हणणार नाही. ती असताना मात्र युद्धात कुणाचा तरी धंदा होतो आणि तो धंदा पुढच्या युद्धाची वाट बघतो.

गिरण्यांचंच बघा. पहिल्या महायुद्धात परदेशी कापड येईना, मुंबईच्या गिरण्यांनी बक्कळ नफा मिळवला. महागाईनं कामगार पिचले, जानेवारी १९१९मध्ये लाखाच्या वर लोकांनी संप केला. नफ्यातून काही वर्षं महिन्याच्या पगाराइतका बोनस मिळाला, मग मालकांनी बंद केला. १९२४ला पुन्हा संप. हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश मॅक्लिऑड यांच्या समितीनं निर्णय दिला की बोनसवर कामगारांचा हक्कच शाबीत होत नाही. घाटावरच्या कित्येक घरांतला एक भाऊ पलटणीत आणि दुसरा गिरणीत, अशी ती पिढी होती.

परवा पुतण्या घरी आला होता. संरक्षण क्षेत्राच्या म्युच्युअल फंडात एसआयपी चालू करा म्हणाला. मोबाइलवर आलेख दाखवला. २०२५च्या मे महिन्यात सरहद्दीवरच्या त्या चार दिवसांनंतर रेषा कशी उभी चढली, ते बोटानं दाखवलं. ‘काका, ही बस चुकवू नका.’ मी नको म्हटलं, जरा तोऱ्यातच. तो गेल्यावर माझ्या जुन्या फंडाचं स्टेटमेंट काढून कंपन्यांची यादी वाचली. त्यात त्याच्या फंडातल्या दोन कंपन्या निघाल्या. एसआयपी अजून चालू आहे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा