आशाताई त्या दारात का येत नाहीत? : महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. महिला व बालविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य,
यांस सादर नमस्कार.

माहितीच्या अधिकारात मी एकच प्रश्न विचारला होता. आमच्या जिल्ह्यातल्या शिशुगृहांत, म्हणजे अनाथ आणि सोपवलेली बाळे दत्तक जाईपर्यंत राहतात त्या संस्थांत, गेल्या २ वर्षांत आरोग्य विभागाच्या किती भेटी झाल्या? एका कार्यालयाने अर्ज हस्तांतराच्या कलम ६(३) खाली दुसऱ्याकडे पाठवला, दुसऱ्याने त्याच कलमाखाली पहिल्याकडे. परवा दोन्ही पत्रे एकाच टपालात आली. आतले वाक्यही एकच, ‘सदर बाब या कार्यालयाच्या कार्यकक्षेत येत नाही.’

दीड वर्षापूर्वी दत्तक पालकांच्या एका मेळाव्यात एका अधिकाऱ्यांनी माईकवरून सांगितले होते की यापुढे प्रत्येक शिशुगृहात महिन्यातून एकदा प्रशिक्षित परिचारिका जाईल. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कडेवर मुलगी होती तरी.

माझी मुलगी १३ महिन्यांची असताना आमच्या घरी आली. जन्मतः वजन १,४०० ग्रॅम, दिवस पुरे होण्याआधी झालेली, बरेच दिवस काचेच्या पेटीत राहिलेली. अशा बाळाचे कान आणि डोळे मुद्दाम तपासायचे असतात, हे मला आज पाठ आहे. तेव्हा माहीत नव्हते. फाइलमध्ये ‘श्रवण : सामान्य’ लिहिले होते. कोणी तपासले, कधी, कोणत्या यंत्रावर, काहीच नाही. फक्त ‘सामान्य’.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या गल्लीत सुतळी बॉम्ब फुटत होते. शेजारची मुले रडत होती आणि माझी लेक शांत झोपली होती. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, ‘किती धीट आहे गं पोर.’ मीही चार जणींना अभिमानाने सांगितले. त्या रात्रीचे ते कौतुक आठवले की आजही माझा घास घशाखाली उतरत नाही. पुढे तीन महिन्यांनी, ती ओट्याजवळ बसलेली असताना कुकरची शिट्टी झाली आणि तिने मान वर केली नाही. मी मुद्दाम ताट पाडले. तरीही नाही.

दोन्ही कानांनी तीव्र श्रवणदोष. डॉक्टर म्हणाले, पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा नियम आहे. आम्ही पोचलो तेव्हा ती २० महिन्यांची होती. ती चाचणी झोपलेल्या बाळाच्या कानात इअरफोनसारखे छोटे बोंड ठेवून काही मिनिटांत होते. काही मिनिटे! तेरा महिन्यांत ती कोणाला सापडली नाहीत.

महोदय, आपल्याच राज्यात दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई, म्हणजे आरोग्य विभागाची आशा स्वयंसेविका, पहिल्या ४२ दिवसांत ६ वेळा घरी जाते. तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या. पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत आणखी ५ भेटी. एकूण ११. पहिल्या सहांचे तिला २५० रुपये, पुढच्या पाचांचे २५०. म्हणजे ५०० रुपये. माझ्या मुलीच्या वाचा-उपचाराच्या एका बैठकीला मी ६०० मोजते, आठवड्यातून दोनदा. संस्थेत ती १३ महिने होती. तिथे तिच्या वाट्याला या ११ पैकी एकही भेट आली नाही, कारण ‘गृहभेट’ म्हटले की गृह लागते. या भेटी ज्यावर नोंदवतात त्या कार्डाचे नावसुद्धा माता व बाल संरक्षण कार्ड. ज्या बाळाला माताच नाही, त्याचे कार्ड कोणी भरायचे?

यातली सर्वांत जीवघेणी गोष्ट ऐका. आईने बाळ सोपवले तर कायदा तिला फेरविचाराला ६० दिवस देतो. द्यायलाच हवेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण याच ६० दिवसांत आशाताईच्या त्या सहाही भेटी येतात. आईची वाट पाहण्यासाठी कायद्यात जागा आहे, बाळाकडे पाहायला मात्र कोणी येत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा तर ३० दिवसांच्या आत तपासावा लागतो. उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. बाळाचा निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीची पुढची तारीख कधी, हे त्या पडद्याला कळत नाही.

मी शिशुगृहाच्या मावशींना दोष देत नाही. त्यांच्यातल्याच एकीने रात्रपाळीत ओळखले होते, ‘ही आवाजाला वळत नाही.’ तिने सांगितले, पण ते कुठे लिहायचे याची वही नव्हती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्याच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे, पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. आमच्या मुलीच्या संस्थेपासून अंगणवाडी दोन गल्ल्यांवर होती. पथक तिथपर्यंत आले आणि परत गेले.

आता तुम्ही प्रतिपालक कुटुंबे, म्हणजे दत्तक न घेता मूल काही काळ सांभाळणारी घरे, वाढवणार आहात, लहान मुले संस्थेऐवजी घरात वाढावीत म्हणून. फार चांगले. पण एखाद्या घरात सहा महिन्यांचे, अंगाखांद्याला हात लावला की ताठ होणारे बाळ दिले, तर त्या बाईच्या शेजारी कोण बसणार? बाळ का पीत नाही, रात्रभर का रडते, हे तिला कोण सांगणार? इंग्लंडमध्ये सरकारच्या ताब्यातल्या ५ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाची दर ६ महिन्यांनी आरोग्य तपासणी बंधनकारक आहे. आपल्याकडे साहेबांच्या वाढदिवसाला फळवाटप होते. केळी, बिस्किटे, फोटो. चार महिन्यांच्या बाळाला केळे, महोदय!

पुण्यात १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथे जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला, तो डॉक्टर झाला. त्यांच्याकडे ना खाते होते, ना कलम ६(३). तुमच्या सरकारकडे महिला-बालविकास आणि आरोग्य अशी दोन खाती आहेत, आणि मधल्या फटीत बाळे पडतात. प्रत्येक भाषणात फुल्यांचे नाव घेता, मग त्यांच्या घरातल्या बाळाची ही गत का?

मला नुकसानभरपाई नको. प्रत्येक शिशुगृहाला आणि प्रतिपालक घराला एक ठरलेली प्रशिक्षित परिचारिका द्या, तिचे नाव भिंतीवर लावा. बाळासोबत फिरणारी एक वही द्या, जिच्यात मावशीलाही लिहिता येईल. आणि ‘सामान्य’ लिहिणाऱ्याला खाली तारीख व सही करायला लावा.

आपली,
एक आई
(जिल्ह्याचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. लेकीची ओळख उघड होईल.)

ता. क. : पत्र पूर्ण करताना त्याच मावशीचा फोन आला. एक नवे बाळ आले आहे, वजन १,६०० ग्रॅम. डोळे तपासायला कोणाला सांगायचे, असे ती मला विचारत होती. आज त्या बाळाचा एकोणिसावा दिवस आहे.